गल्लीतली चोमडी

विट्याच्या कोष्टी गल्लीतल्या गटाराला वाचा फुटली, तेव्हा गल्लीने तिचे बारसे तिथल्या तिथे उरकून टाकले. 'शेजार आरोग्य मंडळ' या सेवाभावी संस्थेच्या दप्तरी त्या यंत्राचे नाव 'सांडपाणी जनुकवाचक' असे होते. पोळ्यांच्या डब्याएवढे ते यंत्र गल्लीच्या तोंडाशी, चेंबरच्या झाकणाखाली बसवले जात असताना बायका यंत्रमाग थांबवून बघायला आल्या होत्या. त्यांतल्या एकीने विचारले, "म्हंजे आमच्या घरात कुनाला काय झालंया, ते हे गटारात बसून ऐकणार आन् तुमच्या मॅडमच्या कानाला लागणार?"

"तसंच काहीसं," स्वरूपा म्हणाली.

"मग चोमडीच म्हना की हिला!"

हशा पिकला आणि नाव कायमचे चिकटले.

स्वरूपा शितोळे ही 'शेजार'ची या गल्लीतली आरोग्यसेविका. ती राहायची गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत. पण तिचा दिवस उगवायचा आणि मावळायचा तो कोष्टी गल्लीत, मालनकाकू म्हेत्र्यांच्या घराच्या पुढच्या सोप्यात. तिथेच संस्थेचे केंद्र होते. वजनकाटा, रक्तदाब मोजण्याचे यंत्र, साखर तपासण्याच्या पट्ट्या आणि काकूंच्या आतल्या घरातून येणारा फोडणीचा वास, असा त्या केंद्राचा सारा संसार.

हशा ओसरल्यावर खरा प्रश्न बापू चोथ्यांनी विचारला. बापूंचे गल्लीत सहा माग आणि शब्दाला वजन. ते म्हणाले, "ताई, रोग सांगनं बरं हाय. पन घर सांगनं बरं न्हवं. उद्या पाव्हनं आलं आन् कुनी म्हनलं, ह्यांच्या मोरीत अमकं निघालंतं, तर पोरीबाळींची लग्नं मोडत्यात. त्येचं काय?"

समोर चौंडेश्वरीचे देऊळ होते. तिकडे पाहून स्वरूपा म्हणाली, "चोमडी गल्लीचं सांगेल, घराचं नाही. आणि कधी घर कळलंच, तर ते नाव माझ्या तोंडातून बाहेर पडणार नाही. देवीसमोर सांगते."

"देवीला कशाला मधी घेतीस?" बापू म्हणाले. "तू सांगिटलंस, बास झालं."

त्या विश्वासावर यंत्र बसले, आणि चोमडीने तो सार्थ केला. पिण्याच्या नळाला गळती लागून त्यात गटार झिरपू लागले, तेव्हा काविळीचा पहिला रोगी अंथरुणाला खिळण्याआधीच तिने बोभाटा केला. शेजारच्या गल्लीत माणसे पिवळी पडली. कोष्टी गल्ली उकळलेले पाणी पिऊन मोकळी राहिली. तेव्हापासून सकाळी स्वरूपाला पाहिले, की "काय म्हनती चोमडी?" असे विचारणे हा रामरामाचाच एक प्रकार होऊन बसला.

मग त्या उन्हाळ्यात चोमडीने विषमज्वराचे नाव घेतले.

एके काळी टायफॉइडचे भय साध्या गोळ्यांनी संपवले होते. पुढे त्या गोळ्यांना जंतू सरावले, मग इंजेक्शनांना सरावले. लस आली आणि मुले सुरक्षित झाली. पण लस जंतूच्या अंगावरचे जे आवरण पाहून त्याला ओळखायची, ते आवरणच टाकून दिलेला एक वाण आता दक्षिणेकडून पसरत होता. अंगरखा बदलून आलेल्या चोराला पहारेकऱ्याने ओळखू नये, तशी लशीची गत झाली. चोमडीला मात्र अंगरख्याशी कर्तव्य नव्हते. माणसाच्या शरीरातून बाहेर पडलेल्या जंतूंच्या जनुकांचे तुकडे सांडपाण्यात तरंगत असतात. ते ती अक्षर अक्षर वाचायची.

गल्लीतली चार मुले आजारी पडली. तिघे दवाखान्यातल्या महागड्या औषधाने सावरले. चौथी बापूंची नात रेवा, पाच वर्षांची. तिच्या आतड्याला छिद्र पडले आणि तिला तातडीने मिरजेला हलवावे लागले. शस्त्रक्रियेनंतरही ती अजून धोक्याबाहेर आली नव्हती. बापूंचे माग बंद होते. गल्लीतला खडखडाट तेवढ्याने उणा झाला होता आणि ते उणेपण सगळ्यांना ऐकू येत होते.

'शेजार'च्या संचालक डॉक्टर यास्मिन मुजावर यांनी स्वरूपाला कार्यालयात बोलावले. पडद्यावर चार रंगांच्या चार रेघा होत्या आणि त्या तंतोतंत एकमेकींवर बसत होत्या.

"चारही मुलांतला जंतू एकाच छापाचा आहे, आणि गटारातलाही तोच," डॉक्टर म्हणाल्या. "पाण्याच्या टाकीत तो नाही, दुधात नाही. मुलं बरी होतायत तरी गटारातला जंतू कमी होत नाही. याचा अर्थ कळतोय?"

"वाहक," स्वरूपा म्हणाली.

प्रशिक्षणात शिकलेला तो शब्द तिने आजवर कधी माणसाला लावून पाहिला नव्हता. टायफॉइड होऊन गेलेल्यांपैकी फार थोड्यांच्या पित्ताशयात हा जंतू घर करतो. तिथे खडा असेल तर त्याच्यावर चिकट साय धरावी तसा थर धरून बसतो. औषध त्या थराखाली पोहोचत नाही. माणूस ठणठणीत असतो, ताप नाही, दुखणे नाही. पण त्याच्या शरीरातून जंतू अधूनमधून बाहेर पडत राहतात, आणि हाताला लागून एखाद्या पदार्थात उतरले तर तिथे वाढतात.

"आता पुढची पायरी घराच्या पाइपची," डॉक्टर म्हणाल्या. "जंतू सापडतो तो तिसऱ्या चेंबरपासून खाली, आणि त्या चेंबरच्या वर चार घरं आहेत. प्रत्येकाची परवानगी घेऊनच तपासायचं. एक मूल मिरजेत झुंजतंय, स्वरूपा. पाचवं होऊ द्यायचं नाही."

चारही घरांनी परवानगी दिली. मालनकाकूंनी तर स्वरूपाची थट्टाही केली. स्वरूपाचा नवरा तमिळनाडूत सेलमला गलाईच्या, म्हणजे सोने गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात होता. तो धागा पकडून काकू म्हणाल्या, "बघ गं नीट. तुझ्या नवऱ्याला न्हाई गावलं एवढं सोनं माझ्या मोरीत निघालं, तर निम्मं तुझं."

आठवडाभर रोज नमुने घेतले. तीन घरे स्वच्छ निघाली. चौथ्या घराच्या पाण्यात जंतू होता. एखादा दिवस नसायचा, पण वाहकाच्या बाबतीत ते तसेच असते, हे डॉक्टरांना ठाऊक होते. चौथे घर मालनकाकूंचे होते.

आईच्या माघारी स्वरूपाचे बाळंतपण याच काकूंनी केले होते. माग चालवणाऱ्या बायकांची मुले दुपारी काकूंच्याच परसात जेवायला बसत. त्या पाळणाघराचा वरणभात काकू शिजवत, आणि गल्लीतल्या कुणाच्या घरी काय शिजते हे त्यांना वाट्यांवरून कळे. काकूंकडून वाटी आली, की ती रिकामी परत करायची नाही आणि काकूंकडे गेलेली वाटी रिकामी परत यायची नाही, ही त्या गल्लीची रीत होती. निदान मूठभर शेंगदाणे, चिमूटभर साखर, काहीतरी वाटीत असायचेच. स्वरूपाही त्या रीतीतलीच झाली होती. बाळंतपणात एकदा काकू बोलून गेल्या होत्या, की त्यांची आई त्यांना शिकरण कुस्करून भरवायची. तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी स्वरूपा सकाळी घरून निघताना दुधात केळी कुस्करून, साखर-वेलदोडा घालून, पितळेची एक वाटी भरून काकूंसाठी आणत असे.

तिने काकूंना सांगितले ते त्यांच्या आतल्या घरात, दार लोटून घेऊन. काकू भाकरी थापत होत्या. ऐकता ऐकता त्यांचा हात थांबला.

"म्हंजे रेवीला माझ्यामुळं झालं?"

"काकू, यात तुमचा काही दोष नाही. हा जंतू असतो हे त्या माणसाला कळतसुद्धा नाही. आता औषधही आहे. पण आधी तुमची तपासणी करावी लागेल आणि तोपर्यंत..."

"तोवर चूल बंद," काकूंनी वाक्य पुरे केले. त्यांनी काठवटीतले पीठ गोळा केले, हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग तिसऱ्यांदा धुऊ लागल्या, तेव्हा स्वरूपाने नळ बंद केला.

"कुनाला सांगनार न्हाईस न्हवं?"

"शब्द दिलाय मी."

शब्द तिने पाळला. पण आपल्या शब्दाला एक भोक आहे, हे तिच्या ध्यानात आले नव्हते. काकूंच्या परसातली मुलांची पंगत बंद झाली, धुराड्यातून धूर येईनासा झाला, आणि मग कुणी कुणाचे नाव घ्यायची गरजच उरली नाही. ज्या बाया सकाळ-संध्याकाळ काकूंच्या उंबऱ्यावर टेकायच्या, त्या आता समोरून मान खाली घालून जाऊ लागल्या. बापू मिरजेहून कपडे न्यायला आले, तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. "रेवी कशी हाय, भावजी?" असे त्यांनी विचारले. बापूंनी ऐकले न ऐकल्यासारखे केले.

स्वरूपाने त्या दिवशी सकाळी शिकरण आणले नव्हते. दुधी घालून केलेली मुगाची आमटी आणली होती, काकूंना बरे वाटावे म्हणून. दुपारी निघताना काकूंनी वाटी तिच्या हातात दिली. घासून लख्ख केलेली, कोरडी केलेली आणि रिकामी.

"काकू?"

"काय घालू हिच्यात?" काकू म्हणाल्या. "माझ्या हातचं आता कुनाला चालतंय?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती वाटी रिकामी परत चालली होती. पिशवीत तिचे वजन जाणवत नव्हते आणि तेच स्वरूपाला वाटभर टोचत राहिले.

*

काकूंची तपासणी झाली. शौचाचे नमुने लागोपाठ तीन वेळा घेतले. एकातही जंतू नव्हता. पोटाची सोनोग्राफी केली. पित्ताशय एखाद्या तरुणीचे असावे इतके नितळ. अहवाल घेऊन डॉक्टर मुजावर स्वतः काकूंच्या सोप्यात येऊन बसल्या.

"काकू, विषमज्वराचं तुमच्यात काहीही नाही. तुमच्यामुळं कुणाला काही झालेलं नाही."

काकूंनी पदर तोंडाला लावला. स्वरूपाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तिचेही डोळे भरले होते.

"पण," डॉक्टरांनी चष्मा पुसून पुन्हा लावला, "तुमच्या रक्तातली साखर भलतीच वाढलेली आहे. हे कधीपासून आहे?"

चोरून चिंच खाताना पकडलेल्या पोरीसारखे काकूंनी स्वरूपाकडे पाहिले. "झाली असतील चार-पाच वर्सं. तासगावला भाचीकडं जाते न्हवं का, तिथल्या डॉक्टरच्या गोळ्या खाते."

"चार-पाच वर्षं!" स्वरूपा उसळली. "काकू, मी रोज तुमच्या सोप्यात साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन बसते! आख्ख्या गल्लीची बोटं टोचते! आणि तुम्ही तासगावला जाऊन गोळ्या आणता? मला का नाही सांगितलंत?"

"म्हनूनच न्हाई सांगिटलं. तुझं शिकरण बंद झालं असतं."

"म्हणजे साखर असताना तुम्ही ते शिकरण खात होतात?"

"खुळी काय मी? घासबी न्हाई खाल्ला."

"मग?"

"मग काय? तू एवढी मायेनं कुस्करून आनतीस, तुला न्हाई कसं म्हनायचं? झाकून ठेवायची फळीवर. दुपारी पोरं जेवायला बसली, की एकेक चमचा वाटून टाकायची. रेवी तर वाटीच पळवायची. लई आवडतंय तिला." मग अपराधी चेहऱ्याने त्यांनी जोडले, "पन वाटी तुझी कधी रिकामी धाडली न्हाई हां मी."

डॉक्टर फक्त स्वरूपाकडे पाहत होत्या, आणि त्या का पाहत आहेत हे स्वरूपाला कळले, त्याच क्षणी बाकीचेही सारे कळले.

सकाळी कुस्करलेले दूध आणि केळे. उन्हाळ्यातली दुपारपर्यंतची फळी. शिजवलेले काही नाही. जंतूला वाढायला याहून चांगली जागा शोधून सापडली नसती. आणि काकूंच्या मोरीत जंतू नसलेले ते अधलेमधले दिवस! चोमडीचा आलेख तिला डोळ्यांसमोर दिसू लागला. त्यात दर आठवड्याला एक खाच होती. रविवारची. काकू रविवारीही घरातच असत. रविवारी केंद्र बंद असे आणि काकूंचे संडास-न्हाणीघर वापरणारी दुसरी एक व्यक्ती रविवारी गल्लीत येतच नसे. मागे ती व्यक्ती नवऱ्याकडे सेलमला गेली होती, त्या आठवडाभर तर चोमडीने हूं की चूं केले नव्हते.

महापुराच्या वर्षी सांगलीच्या छावणीत काम करताना स्वरूपाला ताप आला होता. तो उतरला आणि ती पुन्हा कामाला लागली. पुढे कधी डोकेसुद्धा दुखले नाही. जंतू तेव्हाच आत दडला असावा आणि या उन्हाळ्यात बाहेर पडू लागला असावा. 'शेजार'ने गल्लीतल्या प्रत्येक घराचा विचार केला होता. रोज सकाळी गल्लीत येणाऱ्या आपल्याच माणसाला तपासावे, हे मात्र कुणालाच सुचले नव्हते. कारण आरोग्यसेविका म्हणजे रोगाच्या अलीकडची, असे सगळ्यांनी, तिने स्वतःनेही, न बोलता धरून चालले होते.

"मॅडम," ती म्हणाली, "माझा नमुना घ्या."

*

अहवाल आला, तो वाचायची तिला गरज वाटली नाही. पित्ताशयात वाटाण्याएवढा खडा होता. त्याने तिला कधी त्रास दिला नव्हता.

"पूर्वी अशा वेळी पित्ताशय काढूनच टाकत," डॉक्टर मुजावर सांगत होत्या. "आता तुझ्या जंतूचा छाप घेऊन नेमक्या त्यालाच खाणारा विषाणू प्रयोगशाळेत वाढवतात. तो कॅप्सुलमधून पोटात जातो, तो चिकट थर पोखरतो, आणि मग त्या वाटेनं औषध आत शिरतं. काही महिने लागतील, पण तू बरी होशील. तोवर दुसऱ्यासाठी काही रांधायचं नाही एवढंच. आणि हे कुणालाही कळायची गरज नाही. घराचं नाव घ्यायचं नाही, हा तुझा शब्द तुलाही लागू आहे. रजा घे."

रजा घेणे सोपे होते. कुणी काही विचारले नसते. आणि बोलले, तर ज्या गल्लीने तिच्यावर देवीपेक्षा अधिक विश्वास टाकला, ती गल्ली तिला पुन्हा उंबऱ्याच्या आत घेईल याची खात्री नव्हती. हे काम गेले असते तर तिला दुसरे मिळाले असते. ही माणसे दुसरी मिळाली नसती.

"आणि काकूंची चूल?" तिने विचारले.

"त्यांच्यात काही नाही, असं आपण जाहीर करू."

"मग लोक उरलेल्या तीन घरांकडे बघतील. एक नाव झाकायला आपण ती तीन घरं संशयात ठेवायची का?" ती खुर्ची मागे सारून उठली. "मॅडम, मी शब्द दिला होता तो दुसऱ्यांच्या नावांचा. माझं नाव माझं आहे."

डॉक्टरांनी तिला अडवले नाही.

दुसऱ्या दिवशी मिरजेहून निरोप आला, की रेवा धोक्याबाहेर आहे. गल्लीने सुटकेचा निःश्वास सोडला, तो मागांच्या खडखडाटातही ऐकू यावा असा होता. रेवाला घरी आणल्यावर स्वरूपाने संध्याकाळी सगळ्यांना देवळासमोर बोलावले. यंत्र बसवले त्या दिवशी उभी होती तिथेच ती उभी राहिली. वाहक म्हणजे काय, हे तिने सोप्या शब्दांत सांगितले. काकू निरोगी आहेत, हे सांगितले. मग म्हणाली, "तो जंतू माझ्यात आहे. माझ्या हातच्या शिकरणातून तो मुलांना गेला. मला ठाऊक नव्हतं. पण गेला माझ्याच हातातून."

मागे कुठेतरी एक बाई "अगं बाई" म्हणाली आणि तिथेच थांबली. बापू उठले, खांद्यावरचा टॉवेल झटकला आणि घराकडे निघून गेले. त्यांच्या मागून आणखी काही जण उठले.

स्वरूपा खाली मान घालून उभी होती. तेवढ्यात समोर एक वाटी आली. वाफाळते पिठले, वर कोथिंबीर.

"घे," मालनकाकू म्हणाल्या. त्या भर गल्लीतून, सगळ्यांच्या देखत, ती वाटी पदरात धरून आल्या होत्या. "मागं रिकामी धाडली तुला. तवापासनं जीव खाती माझा ती वाटी. चूल पेटवली पयली आन् तुझ्यासाठीच केलं. गरम हाय, पदरानं धर."

स्वरूपाने वाटी धरली. तिला रडू आवरेना.

"रडून खारट करू नगंस. मीठ घातलंय मी," काकू म्हणाल्या.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सोप्यात येऊन बसली. वजनकाटा पुसला. पट्ट्यांचा डबा सरळ केला. उन्हे उंबऱ्यावरून आत आली तरी कुणी फिरकले नाही. आतून फोडणीचा वास येत होता. पंगत सुरू झाली होती एवढेच समाधान होते. काकू दोनदा येऊन चहा ठेवून गेल्या.

मग दारात सावली पडली. बापू रेवाला कडेवर घेऊन उभे होते. पोर वाळून काडी झाली होती, पण डोळे नेहमीसारखे टवटवीत होते.

"हिचं वजन बघ," बापू म्हणाले. "दवाखान्यात सांगिटलंय, दर आठवड्याला बघायचं."

स्वरूपा उठली. हात पुढे करावे की नाही, असा तिला प्रश्न पडला. बापूंनीच रेवाला तिच्याकडे दिले.

"बापू, काल तुम्ही..."

"काल मी रागानं उठून गेलो. खोटं कशाला बोलू? लई राग आलता." त्यांनी घसा खाकरला. "मग घरात बसून ईचार केला. तू गप बसली असतीस, तर मी जलमभर मालनवैनीचं तोंड बघिटलं नसतं. त्या बिचारीनं काय केलंतं? आन् तू तरी काय केलंवतंस? शिकरण घातलं पोरांना. ईख न्हाई घातलंस." काट्याकडे पाहत ते पुढे म्हणाले, "पन आता शिकरण बंद!"

"बंद," स्वरूपा म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली.

बापू गेले, आणि त्यानंतर दारात कुणी ना कुणी येतच राहिले.

औषध सुरू झाले. त्या काळात काकूंची वाटी येई तेव्हा स्वरूपा ती सालासकट केळ्यांची फणी वर ठेवून परत पाठवी; सोलायचे आणि कुस्करायचे काम काकूंचे. साखरेच्या पट्टीसाठी काकूंना रोज बोट पुढे करावे लागे. "चोमडी बरी, ही बया नको," असे म्हणत त्या बोट पुढे करीत. 'शेजार'ने नवा नियम केला, की गल्लीला प्रश्न विचारायच्या आधी संस्थेतल्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारायचा. डॉक्टर मुजावर यांनी पहिला नमुना आपला दिला. गटारातली रेघ आठवड्याआठवड्याने खाली येत गेली. स्वरूपाची शेवटची तपासणीही स्वच्छ आली, त्या दिवशी चोमडीचा निरोप तिने गल्लीला मोठ्याने वाचून दाखवला: आढळले नाही.

दुपारी काकूंच्या परसात मुलांची पंगत बसली होती. काकूंनी स्वरूपापुढे केळी, दूध आणि ती पितळेची वाटी ठेवली.

"कुस्कर."

"काकू, आता नको. लोकांना..."

"लोकांना काय? ह्ये बघ लोक." दारात बापू उभे होते, हातात स्वतःच्या घरची वाटी घेऊन.

"आन हिकडं," ते म्हणाले. "आधी मी खातो. चोमडीला काय सांगायचं ते सांगू दे."

स्वरूपाने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. केळी कुस्करली, दूध घातले, आणि ताजे शिकरण तिथल्या तिथे वाढले. बापूंनी उभ्याउभ्याच वाटी संपवली. मुलांनी आपापल्या वाट्या पुढे केल्या. काकूंनीही अर्धा चमचा जिभेला लावला आणि स्वरूपाने डोळे वटारताच उरलेला परत ठेवला.

पंगत उठली तेव्हा रेवा पितळेची वाटी दोन्ही हातांत धरून सावकाश चालत आली. वाटी तिने हौदावर विसळली होती, आणि रीत तिला ठाऊक होती. वाटीत एक पेरू होता, एका बाजूने चांगलाच खाल्लेला. इवल्या दातांच्या खुणा त्यावर स्पष्ट दिसत होत्या.

"तुला," ती म्हणाली.

स्वरूपाने पेरू उचलला. तो तोंडाशी नेणार, तोच आतून काकू, दारातून बापू आणि परसातली झाडून सगळी पोरे एकदम ओरडली, "आधी धू!"

तिने नळाखाली धरून तो नीट धुतला, आणि मग खाल्ला.